गिटारचं पेडल: बनवायचं की विकत घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा कुपवाडला नोकरी, रात्री जेवण झालं की सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचं, असं माझं बरीच वर्षं चाललंय. गिटारचं पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर (अँप) यांच्या मधे जोडायचा, पायानं चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा डबा. त्याबद्दल सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव इथून पोरं तेच ते प्रश्न पाठवतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. पहिलं पेडल विकत घेऊ की थेट बनवायलाच बसू?

पहिलं विकत घ्या, दुसरं बनवा. तुम्ही बनवलेल्या पेडलमधून आवाज आला नाही तर दोष पेडलचा, केबलचा, अडॅप्टरचा की अँपचा, हे ठरवायला हाताशी एक तरी खात्रीचं पेडल लागतं. ते नसेल तर तुम्ही चांगल्या सर्किटवर आठवडाभर डोकं आपटत बसाल आणि शेवटी केबलची पिन तुटलेली निघेल. माझ्याकडे 'दुरुस्तीला' आलेल्या पेडलांपैकी कितीतरी अशीच होती.

बनवायला सोपी म्हणजे बूस्टर, फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन (पहिलं सिग्नल नुसता वाढवतं, बाकी तीन तो मुद्दाम बिघडवतात). ट्यूनर, लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारं), डिजिटल रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखी घुमण देणारं) आणि मल्टिइफेक्ट (एकात अनेक) सरळ विकत घ्या, तिथे घरी हात घालण्यात अर्थ नाही. डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारा) या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ या तिन्हींत नेमका फरक काय? मला तर सगळं सारखंच 'घर्रर्र' वाटतं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कधी बघितलंय का? कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा घालतो आणि केसभर पुढेमागे सरकवत राहतो. एका जागी तार नुसती 'टण्' वाजते आणि विरते. धागा जरासा सरकला की तोच स्वर एकदम उमलतो, आत मधमाश्या घुमल्यासारख्या वाटतात. झालेलं इतकंच असतं की तार घोडीच्या किंचित गोलाईला घासायला लागते आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर जागे होतात. शुद्ध स्वराचा थोडा बिघाड केला की तो श्रीमंत होतो, हे आपल्याकडे गिटारवाल्यांच्या फार आधीपासून ठाऊक आहे.

पेडलमध्ये हेच काम वीज करते. गिटारचा सिग्नल वाढवायचा आणि ठरावीक उंचीच्या वरची त्याची डोकी छाटायची. छाटलेल्या लाटेत वरचे स्वर आपोआप येतात. छाटायचं कसं, यावर पेडलची जात ठरते. ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटला परत येणाऱ्या वाटेवर, बसवलेले असतात, त्यामुळे डोकं गोलसर छाटलं जातं आणि जोरात वाजवलं की जास्त, हळू वाजवलं की कमी असा हाताला प्रतिसाद मिळतो. आयबानेझचं १९७९ चं ट्यूब स्क्रीमर हे याचं ठरलेलं उदाहरण. डिस्टॉर्शनमध्ये डायोड सिग्नलला थेट ग्राउंडकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेकडे) ओढतात, कड तीक्ष्ण येते. बॉसचं १९७८ चं डीएस-१ या घराण्यातलं. फझमध्ये बहुतेकदा ट्रान्झिस्टरलाच इतकं ढकललेलं असतं की लाट जवळजवळ चौकोनी होते. १९६२ चं माएस्ट्रोचं फझ-टोन, १९६६ चं फझ फेस ही त्यातली जुनी मंडळी.

डब्यावर काय छापलंय त्यावर मात्र फार विसंबू नका. कंपन्या नावं सोयीनं देतात.

३. घरी बनवलं तर स्वस्त पडतं ना?

नाही. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, पण सर्किट ही पेडलमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. रेझिस्टर रुपया-दोन रुपयाला, ट्रान्झिस्टर चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त. पैसे जातात ते ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्यात, नऊ पायांच्या फूटस्विचमध्ये, दोन चांगल्या सॉकेटांत आणि कुरिअरमध्ये. त्यात आयर्न, मीटर, ड्रिलची पाती धरली तर पहिलं पेडल विकतच्या स्वस्त चायनीज पेडलपेक्षा महाग पडतं. तिसऱ्या-चौथ्यापासून हिशेब जमायला लागतो, आणि महागड्या पेडलच्या धर्तीचं काही बनवत असाल तर चांगलाच जमतो.

पैसे वाचवायला म्हणून या नादाला लागू नका. आपण डाग दिलेल्या तारेतून पहिला आवाज आला की जे होतं, त्याच्यासाठी लागा.

४. मी कॉमर्सचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल. २५ वॅटचं आयर्न, ६०-४० ची बारीक सोल्डर वायर, बीप देणारं साधं मीटर, कटर आणि संयम एवढं पुरे. ओहमचा नियम एका संध्याकाळी कळतो. सोल्डरिंगला मात्र हात बसावा लागतो. आधी जुन्या टीव्हीच्या नाहीतर सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावरचे पार्ट काढून-लावून पन्नासेक जॉइंट करा. चांगला जॉइंट चकचकीत आणि डोंगराच्या उतारासारखा दिसतो. मण्यासारखा गोल फुगलेला किंवा राखाडी दिसला तर तो दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत 'ड्राय सोल्डर'. आज चालेल आणि नेमका गणपतीत स्टेजवर दगा देईल.

५. मग सगळ्यात आधी कोणतं बनवू?

एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ या जुन्या बूस्टरच्या धर्तीचं हे सर्किट. दुकानात सहज मिळतील अशा किमती घालून मी ते असं बनवतो:

इनपुटपासून ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ट्रान्झिस्टरच्या बेसला (ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर). बेसपासून ४७० के (किलोओहम) चा रेझिस्टर ९ व्होल्टला आणि ४७ के चा ग्राउंडला. कलेक्टरपासून १० के ९ व्होल्टला, एमिटरपासून ३९० ओहम ग्राउंडला. कलेक्टरपासून पुन्हा एक ०.१ चा कंडेन्सर १०० के पॉटच्या (कमी-जास्त करायच्या फिरत्या रेझिस्टरच्या) एका टोकाला, दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय आउटपुटला. शिवाय इनपुटवर १ मेगओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, नाहीतर स्विच दाबताना 'टप्प' असा आवाज येतो. ९ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, २५ व्होल्टचा.

ट्रान्झिस्टर बीसी५४९सी घाला. इथेच बहुतेकांची गाडी अडते. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर बीसी५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. अमेरिकी नकाशांत दिसणाऱ्या २एन५०८८ आणि २एन३९०४ चे नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. माझा पहिला बूस्टर याच कारणानं दोन रात्री मुका होता. सगळे जॉइंट तीनदा तापवून झाले, आणि शेवटी ट्रान्झिस्टर काढून फक्त फिरवून लावला तर अँप असा गरजला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावली.

जोडून झालं की गिटार लावण्याआधी मीटर लावा. बेसवर पाऊण व्होल्टच्या आसपास, कलेक्टरवर चार-पाच व्होल्ट मिळाले तर सर्किट जिवंत आहे. कलेक्टरवर पूर्ण ९ दिसले तर ट्रान्झिस्टर चालत नाहीये: उलटा बसलाय किंवा बेसला व्होल्टेज पोचत नाही. शून्याजवळ दिसले तर तो पूर्ण उघडलाय, बहुधा ४७ के तुटलाय किंवा चुकीचा लागलाय.

हा बूस्टर सिग्नल साधारण वीस पट करतो. अँपला पुढून ढकलायला किंवा विकतच्या ओव्हरड्राइव्हच्या आधी लावायला झकास.

६. सामान सांगलीत मिळतं का, की पुण्याला जावं लागतं?

रेझिस्टर, कंडेन्सर, बीसी५४७-५४९, १एन४१४८ आणि १एन४००७ डायोड, एलईडी, आयसी सॉकेट हे टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतं. फक्त त्यांच्या भाषेत मागा. 'क्वार्टर इंच जॅक' म्हटलं तर काका तुमच्या तोंडाकडे बघतील, 'पी-३८ सॉकेट' म्हटलं की लगेच खण उघडतील. ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे '१०४ नंबर', ०.०१ म्हणजे '१०३ नंबर'. पॉट मागताना लॉग की लिनिअर हे सांगा. आजकालच्या पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. आवाजाच्या कंट्रोलला लॉग बरा, नाहीतर सगळा फरक पहिल्या पाव फेरीतच संपतो.

नऊ पायांचा फूटस्विच, ओतीव डबे, १६ मिलिमीटरचे बरे पॉट आणि टीएल०७२, ४५५८ (हे दोन्ही ऑपअँप) सोडून बाकी आयसी ऑनलाइन मागवा, किंवा पुण्याला गेलात तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईला लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा. जे२०१ हा फेट (एका वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) मात्र स्वस्तात दिसला म्हणून घेऊ नका. पायांचा अस्सल जे२०१ आता सहजी मिळत नाही आणि बाजारात नकली माल भरपूर आहे.

७. झीरो पीसीबीवर करू की बोर्ड एच करू?

वीसेक पार्टांपर्यंत झीरो पीसीबी, म्हणजे नुसती भोकं असलेला तयार बोर्ड. त्याच्या वर गेलात तर तयार छापील बोर्ड मागवा. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड एच करण्यात (नको तिथलं तांबं विरघळवून फक्त रेषा ठेवण्यात) मजा आहे, पण ते द्रावण कपड्यावर, फरशीवर, बेसिनवर पिवळा-तपकिरी डाग पाडतं, तो निघत नाही. घरच्यांशी संबंध टिकवायचे असतील तर विचार करा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या भांड्यातही घ्यायचं नाही, भांडंच खाऊन टाकतं.

८. डबा कशाचा करू? भोकं कशी पाडायची?

डबा धातूचाच हवा. तो ग्राउंडला जोडला की बाहेरची गुणगुण आत शिरत नाही. प्लास्टिक वापरायचंच असेल तर आतून तांब्याची पट्टी किंवा ॲल्युमिनियम फॉइल लावून ती ग्राउंड करा, आणि बोर्ड तिला टेकणार नाही याची काळजी घ्या.

मी एकदा भडंगाच्या पत्र्याच्या डब्यात फझ बनवलं होतं. दिसायला भारी, पण पत्रा पातळ. फूटस्विचवर पाय पडला की झाकण आत दबायचं आणि महिन्याभरात बोर्डाच्या तारा तुटल्या. पायाखाली घ्यायची वस्तू आहे, पत्रा दीड-दोन मिलिमीटर तरी जाड लागतो. ओतीव ॲल्युमिनियमचा १५९०बी मापाचा डबा सुरुवातीला अडचणीचा वाटतो, म्हणून पहिल्यासाठी थोडा मोठा १२५बी घ्या.

आधी पंचानं ठोका घ्या, मग ३ मिलिमीटरचं पातं, मग स्टेप ड्रिल. फूटस्विचला १२ मिलिमीटर, पी-३८ सॉकेटला साडेनऊ ते दहा, १६ मिलिमीटरच्या पॉटला ७, एलईडीला ५. डबा हातात धरून ड्रिल करू नका. पातं अडकलं की डबा पंख्यासारखा फिरतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा वण त्याचाच आहे. रंगाचं म्हणाल तर स्प्रे पेंटचे टवके उडतात. पाच-सहा डबे साठले की पावडर कोटिंगवाल्याकडे द्या, मोठ्या कामाच्या लॉटमध्ये तो तेही टांगून देतो.

९. कोणता अडॅप्टर लावू? घरातला जुना चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त पेडलं इथेच मरतात.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस असावं लागतं. घरात पडलेले राउटरचे आणि सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि आत प्लस असतात. पिन मात्र तंतोतंत बसते. मी स्वतः एका मित्राच्या डिलेला घाईत असा अडॅप्टर लावला. धूर नाही, आवाज नाही, एलईडी लागलाच नाही, एवढंच. नवीन डिले भरून द्यावा लागला. अडॅप्टरवर गोल चिन्ह छापलेलं असतं, ते वाचा आणि तरीही मीटर लावून खात्री करा.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिअँपिअर अडॅप्टरचे जास्त असले तर बिघडत नाही, पेडल हवे तेवढेच घेतं. साधं फझ मिलिअँपिअरभर घेतं, ओव्हरड्राइव्ह पाच-दहा, डिजिटल पेडल शंभर ते तीनशेपर्यंत.

स्वतःच्या पेडलमध्ये ९ व्होल्टच्या तारेत १एन५८१७ डायोड ओळीत घाला. उलटा अडॅप्टर लागला तरी पेडल वाचतं आणि व्होल्टेज फार पडत नाही. आणि २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पेडलच्या डब्यात बसवायचा विचारही करू नका.

१०. सगळं नकाशाप्रमाणे जोडलं, तरी आवाज येत नाही. आता?

सगळे जॉइंट पुन्हा तापवत सुटू नका, ओळीनं चला.

स्विच बंद असताना गिटारचा साधा आवाज येतो का? येत नसेल तर दोष सर्किटमध्ये नाही, स्विच नाहीतर सॉकेटच्या वायरिंगमध्ये आहे. नऊ पायांचा स्विच ९० अंशात फिरवून जोडला जाणं ही रोजची चूक. मीटर बीपवर ठेवून स्विच दाबा आणि कोणते पाय एकमेकांना जुळतात ते बघून घ्या.

बायपास (पेडल बंद असताना साधा आवाज पुढे जाणं) चालत असेल तर व्होल्टेज मोजा (प्रश्न ५). ऑपअँपचं सर्किट असेल तर त्याच्या आउटपुटवर आणि दोन्ही इनपुटवर साडेचारच्या आसपास मिळायला हवं.

व्होल्टेज बरोबर, तरी आवाज नाही? मग ऑडिओ प्रोब बनवा. जुन्या केबलचं एक टोक कापा, जाळी ग्राउंडला, मधल्या तारेला १०४ नंबरचा कंडेन्सर आणि त्याचा मोकळा पाय म्हणजे तुमची सुई. केबल अँपला, अँपचा आवाज कमी, गिटारऐवजी मोबाइलवरचं गाणं इनपुटला. आता सुई इनपुटपासून एकेका जॉइंटला टेकवत पुढे जा. गाणं जिथे ऐकू यायचं थांबेल, त्याच्या मागचा भाग तुमचा गुन्हेगार. पाच मिनिटांत सापडतो. इतकं साधं हत्यार आणि निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

'डबा उघडा असताना चालतं, बंद केला की बंद' असं असेल तर बोर्डाची खालची बाजू पॉटच्या पाठीला किंवा सॉकेटची पत्ती डब्याला टेकतेय. पॉटच्या पाठीवर जाड टेप लावा.

११. पेडल लावलं की घोंघावतं. अर्थिंगचा दोष का?

आधी गिटारच्या तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी होत असेल तर दोष गिटारच्या शील्डिंगचा. सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा, एकाच वेटोळ्याचा चुंबकी माइक) असेल तर ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांब जा. तारांना हात लावताना कधी चटका बसला तर मात्र वाजवणं थांबवून वायरमनला बोलवा, तो घोंघावण्याचा प्रश्न नव्हे.

अडॅप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावल्यावर आवाज साफ झाला तर दोष अडॅप्टरचा. जाडी 'हूंऽऽ' असेल तर गाळणी कमी पडतेय, बारीक शिट्टी असेल तर डिजिटल पेडल आणि ओव्हरड्राइव्ह एकाच माळेवर (एका अडॅप्टरच्या अनेक पिनांवर) आहेत. डिजिटलला वेगळा अडॅप्टर द्या. मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवरून ९ करणाऱ्या केबली स्वस्त असतात आणि तशाच वाजतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच घोंघावत असेल तर दोष पेडलचा नाही, साध्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते.

१२. जर्मेनियम ट्रान्झिस्टर, जुनी ४५५८ यांत खरंच जादू असते का?

४५५८ मध्ये नाही. ट्यूब स्क्रीमरचा आवाज त्या आयसीमुळे कमी आणि ४.७ के व ०.०४७ मायक्रोफॅरडच्या जोडीमुळे जास्त येतो. ती जोडी साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी छाटते, म्हणून तो नाकातला, मध्यावर भरलेला आवाज. सॉकेट लावून आयसी बदलत बसा, वाजवणाऱ्याला फरक 'वाटेल', ऐकणाऱ्याला कळणार नाही.

डायोडचा फरक खरा आहे. सिलिकॉन ०.६ व्होल्टच्या आसपास छाटतो, जर्मेनियम ०.३ च्या आसपास, लाल एलईडी दीडच्या वर. एलईडी लावला की आवाज मोठा आणि मोकळा, जर्मेनियम लावला की लहान आणि दबलेला. दोन्ही दुकानात मिळतात, स्वतः लावून बघा.

फझमधल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरला खरोखर गोडवा असतो, पण त्याच्याइतका लहरी पार्ट दुसरा नाही. उष्णतेनं त्याची गळती (नको तेव्हाही झिरपणारी वीज) वाढते. एप्रिल-मे मध्ये सांगलीत दुपारी ४० अंशांत मांडवाखाली ठेवलेला फझ सकाळच्यासारखा वाजत नाही, घरघरून मध्येच स्वर गिळतो. जुन्या रेडिओंतून एसी१२८ काढून आणाल, तर गळती मोजल्याशिवाय लावू नका. साधा मीटर एचएफई आकडा (ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो तो) गळतीसकट दाखवतो, म्हणून तो फुगलेला असतो. आणखी एक: एसी१२८ पीएनपी आहे, म्हणजे त्याला बीसी५४९ च्या उलट दिशेनं वीज लागते. त्या जुन्या फझमध्ये ग्राउंडला प्लस असतं. तसं पेडल बाकीच्यांबरोबर एकाच माळेवर लावलंत तर थेट शॉर्ट. त्याला वेगळी बॅटरी द्या.

१३. डिले घरी बनवता येतो का?

पीटी२३९९ या आयसीवर येतो. कॅराओकेच्या एको बोर्डात हाच असतो, म्हणून तो स्वस्त आणि मुबलक. ५ व्होल्टवर चालतो, तेव्हा ९ चे ५ व्होल्ट करणारा ७८एल०५ लागतो. साधारण ३० ते ३४० मिलिसेकंदांपर्यंत आवाज ठीक, त्याच्यापुढे ताणलं तर खरखर वाढते. जुन्या टेप-एकोसारखा मळका आवाज आवडत असेल तर मजा येईल. स्वच्छ, लांब डिले हवा तर विकत घ्या.

१४. ट्रू बायपासच घ्यावं का?

ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट पुढे जातो. दोन-तीन पेडलं आणि छोट्या केबली असतील तर काही फरक पडत नाही. सहा-सात ट्रू बायपास पेडलं आणि स्टेजवर दहा मीटरची केबल झाली की केबलची कपॅसिटन्स वरचे स्वर खाते. तिथे सुरुवातीला एक बफर (सिग्नल न वाढवता त्याला लांब केबल पेलायचं बळ देणारं सर्किट) असलेलं पेडल उलट उपकारक. बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलांत तो असतोच. जुन्या धर्तीचं फझ मात्र बफरच्या आधी लावा, त्याला गिटारचा पिकअप थेट समोर लागतो.

१५. सेकंडहँड घेताना काय बघू?

स्वतःचा अडॅप्टर आणि केबल घेऊन जा. बॅटरीचा खण उघडून हिरवट-पांढरी बुरशी आहे का बघा. स्विच वीस वेळा दाबा. पॉट फिरवताना खरखर झाली तर काळजी नको, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते, किंमत पाडायला उपयोगी. सॉकेटमध्ये पिन हलवल्यावर आवाज जातो-येतो असेल तर जॉइंट तुटलाय, तेही अर्ध्या तासाचं काम. डिजिटल पेडल मात्र एकदम चालू हवं. त्याची 'किरकोळ दुरुस्ती' बहुतेकदा किरकोळ नसते.

१६. सतारीला किंवा बेंजोला गिटारचं पेडल चालेल का?

मिरजेजवळ राहून हा प्रश्न आला नसता तरच नवल. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जास्तच येतो.

मिरवणुकीतल्या बेंजोचं सोपं आहे. त्यावर बहुधा गिटारसारखाच चुंबकी पिकअप असतो, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह, डिले सगळं चालतं. माझ्याकडचा प्रश्न ५ मधला बूस्टर एका बेंजोवाल्या दादांनी नेला तो परत आलाच नाही. "राहू दे की, हलगीच्या वर ऐकू येतंय आता," म्हणाले.

सतारीवर चिकटवतात तो पिझो पिकअप (लाकडाची थरथर पकडणारी चकती). त्याला किमान १ मेगओहम आणि शक्यतो त्याहून बरंच जास्त इनपुट लागतं. गिटारच्या बूस्टरला थेट लावला (त्याचं इनपुट तीसेक किलोओहमचं) तर खर्ज गायब होतो आणि डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. म्हणून आधी फेटचा बफर. त्याच्यापुढे डिले, रिव्हर्ब सुंदर लागतात. डिस्टॉर्शन मात्र जपून: तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारा) सगळ्या एकदम घुमत असतात, आणि बरेच स्वर एकत्र छाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच, सुरात नसलेले स्वर तयार होतात. चिखल होतो. तरफांवर कापड ठेवून एका तारेवर वाजवलंत तर ऐकण्यासारखं काहीतरी निघतं.

१७. माझ्या फझमधून हळू आवाजात रेडिओ ऐकू येतो. भूत आहे का?

भूत नाही, मध्यम लहरी. मलाही एका रात्री आकाशवाणी सांगली ऐकू आली होती, १२५१ किलोहर्ट्झवरची. लांब केबल अँटेना झाली आणि ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडानं जुन्या क्रिस्टल रेडिओसारखं काम केलं. इनपुटला १ के ओळीत आणि त्याच्यानंतर ४७० पिकोफॅरड ग्राउंडला लावा. ऑपअँपचं सर्किट असेल तर १० के आणि १०० पिकोफॅरड. डबा ग्राउंड झालाय ना, तेही बघा.

१८. ९ व्होल्टचं पेडल १८ वर चालवू का?

निर्मात्यानं तसं लिहिलं असेल तरच. स्वतःच्या पेडलमध्ये आधी कंडेन्सरवरचे व्होल्ट वाचा, १६ लिहिलं असेल तर नको. आत ७६६० जातीचा व्होल्टेज बदलणारा आयसी असेल तर अजिबात नको, साधा आयसीएल७६६० दहाच्या वर टिकत नाही. टीएल०७२ ला १८ चालतात आणि बूस्टर थोडा मोकळा वाजतो. डिस्टॉर्शनमध्ये छाटण्याचं काम डायोड करतात, तिथे फारसा फरक कळणार नाही.

१९. प्रसिद्ध पेडलची नक्कल बनवून विकली तर अडचण येईल का?

स्वतः वाजवायला बनवा, बिनधास्त. विकताना दुसऱ्याचं नाव, लोगो, रंगसंगती लावू नका, ट्रेडमार्कचा प्रश्न तिथेच येतो. दुसऱ्यानं आखलेला छापील बोर्ड जसाच्या तसा उचलून विकणंही नको. धंदा म्हणून करायचा असेल तर कायद्याच्या जाणकाराला विचारा, मला नको. आणि विकलेलं प्रत्येक पेडल आयुष्यभर तुमच्याकडे दुरुस्तीला येतं, हे धरून किंमत लावा.

२०. पेडल पुराच्या पाण्यात गेलं. टाकून देऊ?

लगेच टाकू नका, पण लगेच चालूही करू नका. २०१९ च्या पुरानंतर गावभागातल्या एका घरातून चार पेडलं माझ्याकडे आली, आतून कृष्णेच्या गाळानं भरलेली. तीन वाचली. चौथं मालकानं 'चालतंय का बघू' म्हणून बॅटरी लावून बघितलं होतं. ओल्या गाळातून वीज गेली आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या होऊन झडल्या.

बॅटरी काढा, डबा पूर्ण उघडा. गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, मऊ ब्रश चालतो. मग मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुवा, जवळ दिवा-उदबत्ती नको. तांदळात पुरून ठेवण्याचा उपयोग नाही. पंख्याखाली चार-पाच दिवस वाळू द्या. मग मीटरनं ९ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना बघा आणि पहिल्यांदा चालू करताना अडॅप्टर नको, साधी बॅटरी लावा. पॉट आणि फूटस्विच मात्र बदलूनच टाका, त्यांच्या आतला गाळ धुऊन निघत नाही.